रांझीची फायनल आणि पल्लवीचा डावा कोपरा

जबलपूर यायला अर्धा तास होता, तरी मी बॅग घेऊन डब्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. समोरच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "दीदी, अभी टाइम है, बैठ जाइए." पण कोल्हापूर सोडल्यापासून मी बसूनच होते. पुण्याला गाडी बदलली तेवढीच काय ती हालचाल. त्यात दुपारी दोन वाजता आमच्या मुलींची सेमीफायनल होती आणि अशा दिवशी मला एका जागी बसवत नाही. बाहेर दुपारपर्यंत रेंगाळलेल्या धुक्यातून मटारची आणि हरभऱ्याची शेतं दिसत होती, वारा कानाला झोंबत होता, आणि माझ्या डोक्यात फक्त एकच प्रश्न होता, आपल्या बचावफळीतल्या पोरीच्या घोट्याची सूज उतरली असेल का.

आमच्या मुली म्हणजे चौथरा तालमीचा मुलींचा फुटबॉल संघ. तालमीची ही स्मरणिका बाहेरगावच्या पाहुण्यांच्याही हाती पडते, म्हणून थोडं सांगते. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम असते. पूर्वी तिथं नुसती कुस्ती चालायची, आता तालमीच्या नावानं फुटबॉलचे संघ उतरतात, आणि मोठा सामना असला की पेठेतली लग्नंसुद्धा मागंपुढं होतात. मी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाल्यावर या पोरींच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधायला म्हणून मैदानावर गेले आणि बघता बघता सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी बाई झाले.

पट्ट्या बांधताना एक गोष्ट मला सारखी सलायची. मुलींना सरावाला मैदान मिळतं ते दुपारी एक ते तीन. एप्रिलात त्या वेळी तालमीच्या कमिटीतल्या कोणीही तिथं अनवाणी उभं राहून दाखवावं. संध्याकाळ मुलांची. मुलींनी संध्याकाळचे दोन तास मागितले तेव्हा कमिटीनं सांगितलं, "बाहेरच्या राज्यातून एक चषक आणा, मग बघू." जबलपूरच्या स्पर्धेला आमच्या पोरी गेल्या त्या या एका वाक्यावर. त्या आठवडाभर आधी गेल्या होत्या, साखळी सामने जिंकल्या होत्या. मी भडंगाची पिशवी आणि तालमीचा जांभळा झेंडा घेऊन मागून निघाले होते.

स्टेशनाबाहेर रिक्षा केली आणि पहिलीच चूक झाली. संघ विजय नगरातल्या एका मंगल कार्यालयात उतरला होता, म्हणून मी मैदानही तिथंच असणार असं धरून चालले. विजय नगर म्हणजे रुंद रस्ते, ओळीनं दुकानं आणि ऑफिसं, नीट आखलेली वसाहत. कार्यालयाच्या पायरीवर पहारेकरी ऊन खात बसला होता. तो म्हणाला, "टीम तो कब की निकल गई. मैच रांझी में है." रांझी शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षावाल्यानं हँडल फिरवत विचारलं, "आप की बेटी खेलती है, अम्मा?"

"हाँ भैया," मी म्हणाले, "ग्यारह बेटियाँ हैं."

त्यानं आरशातून माझ्याकडं एकदा बघितलं आणि रिक्षाचा वेग वाढवला.

रांझी मला बघताक्षणी आवडली. मोठा संरक्षण कारखाना, त्याच्या लांबच लांब भिंती, भिंतीपलीकडं कामगारांची घरं, आणि सायकली तर इतक्या की आमच्याकडं आता जत्रेतही दिसत नाहीत. मैदान वस्तीच्या मधोमध. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला कडुनिंब. गवत जेमतेम, पण लोक भरपूर. मी पोचले तेव्हा खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती आणि आपण एका गोलनं मागं होतो.

त्या दुपारचं सगळं वर्णन करत बसले तर ही स्मरणिका पुरायची नाही. मध्यंतरानंतर आपण बरोबरी साधली. शेवटची पाच मिनिटं उरली असताना त्यांच्या पोरीचा हात चेंडूला लागला आणि पंचांनी पेनल्टी दिली. पल्लवी पुढं आली. पल्लवी आपली कॅप्टन, आमच्याच गल्लीतली, मला काकी म्हणते. तिनं चेंडू ठेवला, चार पावलं मागं आली आणि डाव्या कोपऱ्यात जमिनीलगत असा मारला की गोलकीपर उलट्या बाजूला पडलेली होती. दोन-एक. फायनलला आपण. मी शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली. त्याही मला घट्ट धरून हसत होत्या, आणि त्या हरलेल्या संघाच्या होत्या हे मला मागाहून कळलं.

मी उतरणार होते सुनंदाकडं. सुनंदा मूळची भंडाऱ्याची. मिरजेला नर्सिंगच्या होस्टेलमध्ये आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. मग ती लग्न होऊन जबलपूरला आली आणि आमची मैत्री फोनवर राहिली. मैदानाच्या फाटकाशी मला न्यायला तिचे यजमान देवराव मोटरसायकल घेऊन आले होते. कारखान्याच्या गणवेशातच, कपाळापर्यंत कानटोपी. "बसा सिस्टर," ते म्हणाले. "आमची निकू बी फुटबॉल..." पुढं त्यांनी काहीतरी सांगितलं, पण तोवर माझा सामना सुरू झाला होता. पेनल्टी कशी मिळाली, पंच कसे आधी बघत नव्हते, हे मी त्यांच्या कानाशी घरापर्यंत सांगत गेले.

घर दोन खोल्यांचं, पण लखलखीत. बाहेरच्या खोलीत कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, खाली निळ्या कापडावर ताजी शेवंती. सुनंदा जबलपूरजवळच्या पाटनकडच्या मटारच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठली आणि रडायलाच लागली, मग हसली. "काहून गं मालन, किती वाळली," ती म्हणाली. मी वाळलेली नाही, पण मैत्रिणीला तसं वाटावं हे बरंच असतं.

चहा पिताना मी देवरावांना विचारलं, कारखान्यात तुम्ही नेमकं काय करता. ते नुसते हसले. सुनंदा म्हणाली, "मले बी नाही माहीत. इतकी वर्षं झाली, कोणत्या सेक्शनमधी आहेत ते आजवर नाही सांगितलं."

"गेटच्या आतलं आत राहाते जी," देवराव म्हणाले. "घरातलं घरात. आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवलं ते. आता सवयच लागून गेली."

मी म्हटलं, "आमच्या कोल्हापुरात तुमचं एक दिवस निभायचं न्हाई. आमच्याकडं पोटात काय र्‍हात न्हाई." आणि हे बोलून मी ते लगेच सिद्धही केलं.

जेवायला पाटवड्यांचा रस्सा होता (बेसनाच्या वड्या झणझणीत रश्शात सोडतात), भाकरी, आणि मटारची उसळ. सात वाजले असतील. सुनंदाची मुलगी निकिता बाहेरून आली, बॅग ठेवली, पाया पडली आणि वाढायला लागली. उंच, खांद्यानं रुंद, अबोल पोरगी. सुनंदा म्हणाली, "ही बी खेळते." मी म्हणाले, "छान, खेळावं मुलींनी." कॉलेजच्या मुली संध्याकाळी बॅडमिंटन खेळतात तसलं काही असेल, असं मी धरलं. देवराव मध्येच म्हणाले, "आमच्या इकडची टीमही यंदा..." मी म्हणाले, "असंल हो, पण कोल्हापूरचं फुटबॉलच वेगळं." मग मला कोणी अडवलं नाही, आणि मी थांबले नाही.

ताटाशेजारी दोन पेले ठेवून मी गोल केला. मटारचा दाणा झाला चेंडू. "पल्लवीची पेनल्टी तीन वर्षांत एकदाबी चुकली न्हाई," मी सांगत होते. "चेंडू ठेवती, चार पावलं मागं. मग उजव्या खांबाकडं अशी टक लावून बघती की गोली तिकडंच झुकती. आणि मारती डाव्या कोपऱ्यात." मी बोटानं दाणा टिचकावला. तो मारणारीच्या डाव्या हाताच्या पेल्याला घासून आत गेला.

निकिता पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "हमेशा लेफ्ट, मौसी?"

"हमेशा," मी म्हणाले. माझा ऊर भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुसरी सेमीफायनल होती, जबलपूरचा संघ विरुद्ध भोपाळचा. फायनलला समोर कोण येतंय ते बघून ठेवावं म्हणून मी एकटीच चालत मैदानावर गेले. सुनंदा म्हणाली होती की ती आणि देवराव पुढं जातायत, मी आरामात यावं. मला वाटलं, ही माणसं किती हौशी. मैदानावर पोचले तर देवराव गोलच्या मागं उभे होते, हाताची घडी घालून. मी त्यांच्याकडं निघाले आणि त्यांच्या पुढं, दोन खांबांच्या मधे, हिरवा शर्ट आणि मोठे हातमोजे घालून उभी होती निकिता.

मी देवरावांकडं न जाता कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले.

पोरगी काय खेळली म्हणून सांगू. भोपाळच्या मुलींनी वरून मारले, खालून मारले, हिनं सगळे धरले. एकदा तर पायात घुसून चेंडू काढला, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप "वा गं पोरी" गेलं आणि मीच माझं तोंड दाबलं. जबलपूर एका गोलनं जिंकलं. सामना संपल्यावर ती घामानं भिजलेली माझ्यापाशी आली. "मौसी, आता आपलं फायनल तुमच्या टीमसोबत," ती म्हणाली आणि लाजून हसली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात फिरवताना माझ्या डोळ्यांपुढं दोन पेले आणि तो मटारचा दाणा होता.

दुपारी सुनंदानं मला भेडाघाटला नेलं. आधीच ठरलेलं होतं, नाही म्हणता येईना. धुवांधारला नर्मदा कोसळते तिथं पाण्याचे तुषार धुरासारखे वर येतात आणि माणूस न भिजता भिजतो. मग नावेतून संगमरवरी खडकांमधून फेरी. दोन्ही बाजूंना पांढरे, पिवळसर, कुठं काळ्या रेघांचे उंच कडे, आणि खाली हिरवं शांत पाणी. एरवी मी अशा जागी दर वळणाला हरखून गेले असते. नावाडी हातात वल्हं घेऊन यमक जुळवत माहिती देत होता. माझ्याकडं बघून त्यानं जोडलं, "दाएँ देखो, बाएँ देखो, पत्थर कितने गोरे हैं, दीदी चुप बैठी हैं अब तक, बोल अभी तक कोरे हैं." नावेतले सगळे हसले. मी कुठं गप्प बसले म्हणून कोणी टोमणा मारावा, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

"काहून, काही बोलूनच नाही राहिली तू," सुनंदा म्हणाली.

"दमलेय."

तिनं पाण्यात हात बुडवला. मग म्हणाली, "मालन, उद्या मी कोणासाठी ओरडू सांग. पोरगी माझी, पाहुणी तू."

"पोरीसाठी ओरड, आणि जोरात ओरड," मी म्हणाले, आणि ते मी मनापासून म्हणाले. पण त्याच दमात तिला सांगावंसं वाटत होतं, की बाई, तुझ्या लेकीला म्हणावं, काल रात्रीचं विसर. ते कोणत्या तोंडानं सांगणार? ऐकलेलं विसर म्हणून काही कोणी विसरत नाही. निकितानं चोरून ऐकलं नव्हतं. मीच पेले मांडून शिकवलं होतं.

घाटावर चढताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि उजवी चप्पल नर्मदेला वाहिली. परतताना बाजारातून रबरी चप्पल घेतली आणि सुनंदानं खोवा जलेबी (खव्याची, गडद रंगाची, जाडसर) बांधून घेतली. माझ्या चिंतेचा त्या जलेबीवर काही परिणाम झाला नाही, तीन खाल्ल्या.

संध्याकाळी घरात सगळे नेहमीसारखे. निकिता हातमोजे पुसून वाळत घालत होती, देवराव रेडिओ ऐकत होते, सुनंदा वांगं भाजत होती. उद्याच्या सामन्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मला त्याचा अर्थ वेगळाच लागला. मनात आलं, काल एवढं काढून घेतलं, आता गप्प बसायला यांचं काय जातंय. ज्यांच्या घरचं जेवले त्यांच्याबद्दल हा विचार केला, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतेय.

रविवारी सकाळी मी उठले ती ठरवूनच. सुनंदाला म्हटलं, पोरींच्या पट्ट्या बांधून येते. रिक्षा करून विजय नगरला गेले. संघ कार्यालयासमोरच्या टपरीवर पोहे-जलेबी खात होता, सगळ्या जांभळ्या स्वेटरमध्ये, खिदळत. फायनलच्या दिवशी पोरी अशा खिदळल्या की मला फार बरं वाटतं. पल्लवीचा घोटा बांधायच्या निमित्तानं तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

तिची जलेबी हातातच राहिली.

"तिनं विचारलं, कायम डावीकडं का म्हणून?" पल्लवीनं पुन्हा विचारलं.

"व्हय."

"आणि तुम्ही व्हय म्हणालात."

"व्हय."

एखादीनं मला झापलं असतं. ती रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. "मग पेनल्टी मिळालीच तर उजवीकडं मारते," ती म्हणाली. "कधी मारली न्हाई, पण मारते. काकी, पोरींना काय बोलू नका हं. उगं घाबरतील." मी पट्टी बांधली. परत येताना मन एवढं हलकं झालं होतं की रिक्षावाल्याला मी कोल्हापूरला यायचं आमंत्रण देऊन टाकलं.

फायनल तीनला. रविवार असल्यानं कारखान्याची सगळी वस्ती मैदानावर लोटली होती. सायकली कडुनिंबाला टेकवून ठेवलेल्या, बायका सतरंज्या घेऊन आलेल्या, पोरांनी ढोल आणलेला. कोल्हापूरकर म्हणाल तर आमचे कोच आणि मी. वाजवायला काही नाही म्हणून मी हळहळले, तर सुनंदानं पिशवीतून दोन स्टीलच्या थाळ्या आणि दोन चमचे काढले. "एक तुझी, एक माझी," ती म्हणाली. समोरासमोरच्या दोन संघांसाठी एकाच घरातल्या थाळ्या वाजताना मी पहिल्यांदाच ऐकल्या.

पहिल्या अर्ध्या तासात आपण त्यांना दाबून ठेवलं. दोनदा चेंडू खांबाला लागला. मी उभी, सुनंदा उभी, माझ्या थाळीला एका जागी पोचा आला. मध्यंतरानंतर त्यांच्या एका पोरीनं लांबून मारलेला चेंडू आमच्या बचावफळीतल्या पोरीच्या पायाला लागून आत गेला. मैदान दणाणलं. सुनंदानं थाळी वाजवली, मग माझ्याकडं बघून थांबली. "वाजव की," मी म्हणाले. माझा घसा बसलेला होता. घड्याळ पळत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं दुपारी एक वाजताचं ते तापलेलं मैदान येत होतं.

सहा मिनिटं उरली असताना आपल्या पोरीला गोलसमोर पाडलं आणि पंचांनी बोट दाखवलं. पेनल्टी.

ढोल थांबला. पल्लवीनं चेंडू ठेवला. चार पावलं मागं आली. निकिता गुडघ्यात वाकून दोन्ही हात पसरून उभी. मला फक्त दोघींच्या मधली ती मोकळी जागा दिसत होती. मी मनात म्हणत होते, उजवीकडं मार गं बाई, ती डावीकडं पडणार आहे, मला माहीत आहे. पल्लवीनं चेंडू उजवीकडं मारला. चांगला मारला, जोरात, खांबालगत.

आणि निकिता उजवीकडंच झेपावली. दोन्ही हातांनी तिनं तो बाहेर लोटला.

त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. शिट्टी झाली, लोक आत धावले, पोरींनी एकमेकींना धरून रडून घेतलं आणि मीही त्यात शिरले. पल्लवी रडत नव्हती. ती जाऊन निकिताशी हात मिळवून आली.

रात्रीची गाडी होती, म्हणून मी सहाच्या सुमारास बॅग घ्यायला सुनंदाकडं गेले. मला वाटलं होतं तिथं पेढे, गर्दी, गुलाल असेल. निकिता खाटेवर मनगटाला बर्फ लावून बसली होती. मेडल दाराच्या खुंटीला. मी तिच्याशेजारी बसले, मनगट तपासलं, नुसतं मुरगळलं होतं. "झकास खेळलीस," मी म्हणाले. "आमच्या पोरी हरल्या तरी सांगते. पण तुला कळलं कसं गं, ती उजवीकडं मारणार म्हणून?"

ती आईकडं बघायला लागली. मराठी शब्द शोधत होती बहुतेक. "मौसी, मले नाही कळलं. त्या दिवशी मी विचारलं ना तुम्हाला, हमेशा लेफ्ट का म्हणून... पापा नंतर बोलले, पाहुणे घरी जे बोलले ते घरातच राहिलं पाहिजे, ग्राउंडवर नाही न्यायचं. तर मी ठरवलं, पेनल्टी आली तर लेफ्टला जाणारच नाही. मुद्दाम राइटला गेली. मी सोचलं, गोल झाला तर झाला."

मी तिचं मनगट धरून बसले होते. ते खाली ठेवायचंही सुचेना. एकोणीस वर्षांच्या पोरीनं माझा एक फाजील शब्द सांभाळण्यासाठी फायनलमधला गोल सोडून द्यायची तयारी ठेवली होती. आणि मी सकाळी उठून रिक्षा करून गेले होते. मला शरम वाटली. दुसरा शब्द नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. विजय नगर, पोहे, पट्टी, उजवीकडं. सुनंदानं तोंडाला पदर लावला. निकिता हळूच म्हणाली, "मतलब तुमी नसतं सांगितलं, तर गोल होता."

"होता, बाळ. रिकाम्या कोपऱ्यात गेला असता."

देवराव दारात उभे होते. त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली. "सिस्टर," ते म्हणाले, "हे आता इथंच राहू द्या." मग त्यांनी माझी बॅग उचलली आणि मोटरसायकल बाहेर काढली.

गाडीत पल्लवी माझ्यासमोर खिडकीशी बसली होती. इटारसी आली तशी ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "ती गोली भारीच होती, काकी. मी बदललं तरी तिला कळलं." मी हो म्हणाले. एवढी बोलकी बाई मी, पण तिथं माझ्याकडून पुढं एक अक्षर निघालं नाही.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. कट्ट्यावरून जाताना मला ऐकू येतं, "फायनलला पोरीनं पेनल्टी घालवली." कमिटीनं संध्याकाळच्या मैदानाचा विषय पुढं ढकलला, आणि बैठकीत कोणीतरी हेही म्हणालं म्हणे, की मोठ्या सामन्याचं दडपण मुलींना झेपत नाही. पल्लवी तिथं बसलेली होती. तिनं माझं नाव घेतलं नाही. दुपारी एक वाजता ती मुलींना घेऊन मैदानावर उतरते आणि सराव संपल्यावर एकटी थांबून उजव्या कोपऱ्यात चेंडू मारत राहते. मी बांधावर बसून बघते.

देवराव, तुमची माफी मागते. तुमच्या घरातलं घरात ठेवायचं मला जमलं असतं, पण इथं दुसऱ्याच्या नावावर माझी चूक चालली आहे. कमिटीच्या मंडळींनो, मला स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन लिहायला तुम्हीच सांगितलंत, ते हे. जबलपूर सुंदर आहे, माणसं त्याहून सुंदर आहेत, आणि फायनलचा गोल पल्लवीनं घालवला नाही, तो मी घालवला. मैदानाचा निर्णय घेताना शिक्षा द्यायची तर मला द्या, हवं तर मला वर्षभर सामन्याला येऊ देऊ नका.

पल्लवी, तूही हे आत्ता इथंच पहिल्यांदा वाचत असशील. तुझा डावा कोपरा त्या दिवशी मोकळा होता गं.